रहस्यपट आणि प्रेक्षकाचा विश्वास

रहस्यपट पाहून आलेल्याने शेवट सांगू नये, हा संकेत जुना आहे. १९६० साली 'सायको' प्रदर्शित झाला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा दंडक दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी चित्रगृहांना घातला होता. अशा प्रथांमुळे रहस्यपटाचे सारे सामर्थ्य अखेरच्या कलाटणीतच असते, असा समज रूढ झाला. या समजापोटी अनेक चित्रपट दोन तास प्रेक्षकाला अंधारात ठेवतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत आधी दाखविलेले सारेच खोटे ठरवितात. याला कथनकौशल्य म्हणणे कठीण आहे.

खुद्द हिचकॉक यांची धारणा निराळी होती. १९६२ साली फ्रांस्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ संभाषणात त्यांनी धक्का आणि उत्कंठा यांतील भेद विशद केला. टेबलाखाली बॉम्ब असल्याचे कोणालाच ठाऊक नसताना तो फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. परंतु त्याला ते आधीच कळले असेल, तर टेबलाभोवतीच्या क्षुल्लक गप्पाही तो पंधरा मिनिटे श्वास रोखून ऐकतो. म्हणजे उत्कंठेसाठी प्रेक्षकाला विश्वासात घ्यावे लागते.

या विश्वासाला एक नैतिक बाजूही आहे. 'सायको'मध्ये खून झालेल्या स्त्रीची मोटार दलदलीत ढकलली जाते आणि बुडता बुडता क्षणभर थांबते. नुकताच त्या स्त्रीसाठी हळहळलेला प्रेक्षक त्या क्षणी मोटार बुडावी अशी इच्छा करू लागतो. जीतू जोसेफ यांच्या २०१३ च्या मल्याळम 'दृश्यम'वरून निशिकांत कामत यांनी २०१५ साली केलेल्या, गोव्यात घडणाऱ्या हिंदी चित्रपटातही हेच घडते. मृत्यू कोणाच्या हातून झाला हे प्रेक्षकाने पाहिलेलेच असते. केबलचा व्यवसाय करणारा बाप बायको-मुलींकडून २ आणि ३ ऑक्टोबरची खोटी हकीकत घोटून घेतो आणि ती पोलिसांपुढे टिकावी, असे प्रेक्षकाला वाटू लागते. पोलीस अधिकारी ही मृत मुलाची आई आहे, ही जाणीव मात्र त्याला स्वस्थ बसू देत नाही.

कलाटणी सर्वस्वी त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'मध्ये (१९६४) मृत पत्नीसारखी हुबेहूब दिसणारी स्त्री पतीपुढे उभी राहते. पतीला पडलेले कोडे तेथे प्रेक्षकापुढेही उघडपणे मांडलेले असते; म्हणूनच उलगडा झाल्यावर फसवणुकीची भावना उरत नाही.

रहस्यपटाची खरी कसोटी तो दुसऱ्यांदा पाहताना लागते. शेवट ठाऊक असूनही जीव गुंतत असेल, तर दिग्दर्शकाने प्रेक्षकाशी इमान राखले असे समजावे. शेवट कळताच ज्या चित्रपटात पाहण्याजोगे काही उरत नाही, त्याचा शेवट गुप्त ठेवण्याची जबाबदारी प्रेक्षकावर टाकणे न्याय्य नाही.