वाजत नसेल तर विकावी

रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना सोने, चांदी, रोकड मोजतो. भिंतीवरची इलेक्ट्रिक गिटार त्यात येत नाही. स्वतःच्या वापरातल्या वस्तूवर जकात नसते. पण वापर कुठे आहे? तीन वर्षांत हात लावलेला नाही, तारा गंजल्या. पहिल्या पगाराची म्हणून विकवत नाही, एवढेच.

पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरने १९७० मध्ये घेतलेली काळी स्ट्रॅटोकास्टर त्याची ओळखच बनली होती. २०१९ मध्ये त्याने ती लिलावात काढली. ३९ लाख ७५ हजार डॉलर आले, ते पर्यावरणाच्या कामाला दिले.

रोज वाजणारी गिटार अडचणीतही शक्यतो विकू नये. माझी मात्र ईदपूर्वी एखाद्या शिकणाऱ्या पोराला परवडेल त्या भावात देणार आहे. आलेले पैसे शेजारच्या मुलीच्या कॉलेजच्या फीला लागतील. भिंतीवर खिळा तेवढा राहील.