लॅपटॉप मधेच दडी मारतो तेव्हा

पीकविम्याचा अर्ज निम्मा भरून झालेला असतो. कुणी सातबारा शोधायला उठतो, येऊन पाहतो तो पडदा काळा! घरात लगेच 'बिघडला, बिघडला' सुरू. मंडळी, तो बिघडलेला नसतो. उन्हाळ्यात बेडूक मातीत दडी मारतो, तशीच ही दडी. तिला हायबरनेट म्हणतात. उघडलेले काम डिस्कवर ठेवून यंत्र बंद होते. बटण दाबले की काम पुन्हा समोर येते. अर्जाचे संकेतस्थळ मात्र वाट पाहत बसत नाही. ते मधल्या वेळात आपल्याला बाहेर काढते, आणि भरलेले सारे जाते.

विंडोज असेल तर कंट्रोल पॅनलमधून पॉवर ऑप्शन्समध्ये जावे. 'चेंज प्लॅन सेटिंग्ज', मग 'चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज' यांवर टिचकी मारावी. 'स्लीप'खाली 'हायबरनेट आफ्टर' दिसेल. तिथे बॅटरी आणि वीज दोन्हींपुढे 'नेव्हर' करावे. 'स्लीप आफ्टर'चेही तेच.

एवढे करूनही दडी मारली, तर दोष बॅटरीकडे शोधा. चार्जर लावलेला दिसतो, पण वीज केव्हाच गेलेली असते. चार्ज तळाला गेला की यंत्र काम वाचवण्यासाठी झोपते. ही 'क्रिटिकल बॅटरी अ‍ॅक्शन' मात्र बंद करू नका, नाहीतर न साठवलेले काम कायमचे जाईल. जुन्या बॅटरीचा आकडाही फसवा. वीस टक्के दाखवता दाखवता ती एकदम बसते. अशा वेळी सेटिंगशी झटापट करत बसू नये, बॅटरीच बदलून घ्यावी.