परगावी जिंकायचं, तर आधी गाव हवं

आर्सेनलनं माद्रिदमध्ये रिअलला 2-1 हरवलं, तेव्हा भारतात रात्रीचे अडीच वाजत आले होते. एप्रिल 2025 मधली चॅम्पियन्स लीगची ती उपांत्यपूर्व फेरी. लंडनची पहिली लढत आर्सेनलनं 3-0 जिंकली होती. परतीच्या लढतीत दोन गोलांनी हरूनही ते पुढे गेले असते. बर्नाबेऊचं सगळं स्टेडियम अंगावर आलेलं, साकाची पेनल्टी सुरुवातीलाच वाया गेलेली. तरी हा संघ बचावात दडून राहिला नाही. पुढे साकानंच गोल केला आणि भरपाई वेळेत मार्टिनेलीनं विजयावर शिक्कामोर्तब केलं. दिल्लीतल्या मयूर विहारच्या माझ्या घरात आवाज बारीक ठेवला होता, तरी लंडनहून गेलेल्या पाहुण्या प्रेक्षकांचं गाणं ऐकू येत होतं.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस यांच्या लढती शाहू स्टेडियमवर बघत वाढलो. संघ हा पेठेचा असतो, मालकाचा नव्हे, हे आमच्याकडे पोराटोरांनाही कळतं. इंग्लंडचे क्लब परदेशी मैदानावर बाद फेरी खेळतात तेव्हा मला तेच दिसतं: अकरा जणांच्या पाठीशी एक अख्खं शहर.

नॉटिंगहॅमचंच बघा. लोकवस्तीनं कोल्हापूरपेक्षाही लहान शहर. 1979 च्या युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत तिथल्या फॉरेस्ट क्लबला घरच्या मैदानावर कोलोननं 3-3 असं रोखलं. तेव्हा बरोबरी झाल्यास परक्या मैदानावरचे गोल भारी ठरत, त्यामुळे फॉरेस्टचं काही खरं नाही असंच अनेकांना वाटलं. ब्रायन क्लफ यांचा संघ कोलोनला गेला, इयन बोयरच्या एकमेव गोलवर जिंकला आणि पुढे कपही घेऊन आला. दुसऱ्या वर्षी पुन्हा आणला. याच प्रवासांची सर्वांत मोठी किंमत मँचेस्टर युनायटेडनं मोजली आहे. फेब्रुवारी 1958 मध्ये बेलग्रेडला रेड स्टारशी 3-3 बरोबरी साधून, उपांत्य फेरी गाठून संघ परतत होता. वाटेत म्युनिकला विमान कोसळलं आणि 23 जणांचा जीव गेला. तरीही क्लबनं युरोपात जाणं सोडलं नाही. 1999 मध्ये ट्युरिनला युव्हेंटसविरुद्ध अकराव्या मिनिटालाच 0-2 मागे पडलेला हाच संघ 3-2 जिंकून आला.

मी राहतो त्या दिल्लीलाही फुटबॉल नवं नाही. 1940 मध्ये ड्युरँड कप सिमल्याहून इथे आला आणि त्याच वर्षी कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगनं रॉयल वॉर्विकशायर रेजिमेंटला हरवून तो जिंकला. हा कप उचलणारा तो पहिला भारतीय संघ. तेव्हापासून कित्येक पाहुण्यांनी दिल्लीत येऊन कप नेले. मुंबईच्या महिंद्रानं तर तीनदा. दिल्लीनं मैदान दिलं, पण स्वतःचा संघ मात्र तिच्या वाट्याला फार काळ आला नाही. 2014 मध्ये सुरू झालेला दिल्ली डायनामोज 2019 मध्ये भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. पुढे जवाहरलाल नेहरू स्टेडियमला घर म्हणू लागला तो पंजाब एफसी. 2025 मध्ये हैदराबादच्या संघाला दिल्लीचं नाव मिळालं. ज्या क्लबचा पत्ताच बदलत राहतो, त्याच्यामागे दीड-दोन हजार किलोमीटर कोण जाणार?

दिल्लीकरांना खेळाची ओढ नाही, हे मी मान्य करणार नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचे भारताचे तिन्ही सामने नेहरू स्टेडियमवर झाले. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळत होता. करोल बागेतल्या सोन्याच्या गलाईच्या दुकानांतली विटा-खानापूरकडची पोरं माझ्यासोबत आली होती. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगनं हेडरवर बरोबरीचा गोल केला तेव्हा शेजारचे मणिपुरी विद्यार्थी आणि आमची मंडळी एकमेकांच्या गळ्यात पडली. या शहरात गावोगावची माणसं आहेत. त्यांना आपला म्हणावा असा एक क्लब द्या.

माझ्या मागण्या साध्या आहेत. दिल्लीचं नाव लावणाऱ्या क्लबला निदान दहा वर्षं इथेच खेळण्याची अट घाला. सुपर कपसारखी देशांतर्गत स्पर्धा एका राज्यात उरकण्याऐवजी उपांत्यपूर्व फेरीपासून घरी एक, परगावी एक अशा दोन लढती ठेवा. आणि युएफाच्या नियमाप्रमाणे निदान पाच टक्के जागा पाहुण्या प्रेक्षकांना द्या, त्यांच्या सुरक्षेच्या सोयीसह.

खर्च वाढेल हा आक्षेप खरा आहे. दिल्ली-कोची हे अंतर लंडन-माद्रिदपेक्षा बरंच जास्त आहे. पण शेवटच्या आठ संघांत एकेरी लढतींनी सात सामने होतात. अंतिम सामना एकच ठेवून बाकीच्या लढती दुहेरी केल्या तर तेरा होतील. वाढतात फक्त सहा. एवढा भार भारतीय फुटबॉल महासंघ आणि क्लब मिळून उचलू शकतात. त्यातून जे मिळेल ते सरावशिबिरात मिळत नाही. बंगळुरू एफसीनं 2016 मध्ये एएफसी कपच्या उपांत्य फेरीत मलेशियातल्या जोहोरला 1-1 बरोबरी साधली, घरी 3-1 विजय मिळवला आणि अंतिम फेरी गाठली. तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय क्लब. त्या क्लबला 2013 पासून एक शहर होतं आणि त्या शहराचे प्रेक्षक होते. दिल्लीच्या पोरांनाही तेवढंच हवं आहे, आणि ते देणं महासंघाच्या हातात आहे.