निकालापूर्वीचे दिवस



आजाराचे नाव कळले म्हणजे माणूस अर्धा सावरतो. पण नाव कळण्यापूर्वीचे दिवस फार कठीण असतात. त्या दिवसांविषयी आज चार शब्द लिहीत आहोत, कारण सध्या ते आमच्याच घरी मुक्कामास आले आहेत.

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या पत्नीस खोकला जडला. आल्याचा काढा झाला, हळद-मध झाले. तीन आठवडे उलटले तरी खोकला हटेना, तेव्हा तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. बेडका तपासला, त्यात क्षयाचे जंतू आढळले नाहीत. छातीचा फोटो काढला, त्यात उजव्या फुप्फुसावर एक पुसट डाग दिसला. तेथून बेळगावास जाऊन सीटी स्कॅन केले. अहवालात लिहून आले, की फुप्फुसात नऊ मिलिमीटरांची, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी गाठ आहे. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून ती वाढते किंवा कसे ते पाहावे.

तो अहवाल आणावयास आम्ही एकटेच गेलो होतो. घरी येऊन “विशेष काही नाही” एवढेच सांगितले आणि लिफाफा येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे दडवून ठेवला. पत्नीस काळजी नको, हा आमचा हेतू. त्यानंतर दिवसा शेतात लक्ष लागेना, रात्री तिच्या श्वासाकडे कान लागून राही. सायंकाळी रोझरीस बसलो, तरी मणी बोटांतून सरत आणि मन लिफाफ्यापाशी.

अकराव्या दिवशी रोझरी आटोपल्यावर तिने शांतपणे विचारले, “अहो, पुढच्या स्कॅनची तारीख कोणती?”

आम्ही निरुत्तर झालो. दर शनिवारी तसबिरी पुसण्याचा तिचा नेम आमच्या ध्यानातच राहिला नव्हता! लिफाफा तिला पहिल्याच शनिवारी सापडला होता आणि शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून तिने तो वाचूनही घेतला होता. “तुम्ही खचाल म्हणून मी बोलले नाही,” ती म्हणाली. एकाच तसबिरीपुढे गुडघे टेकून आम्ही उभयता एकच भीती एकमेकांपासून लपवीत होतो. लग्नाच्या वेळी सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारात साथ देण्याचे वचन दिले होते. एकमेकांना वगळून दुःख सोसण्याचे वचन काही दिले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी दोघे मिळून डॉक्टरांकडे गेलो. प्रश्न कागदावर लिहून नेले होते. त्यांनी समजावून सांगितले ते असे. फुप्फुसावरचा प्रत्येक डाग कर्करोगाचा नसतो. जुन्या क्षयाचा किंवा अन्य संसर्गाचा बरा झालेला व्रणही असा दिसतो. काही गाठी निरुपद्रवी असतात. काही थोड्या कर्करोगाच्या निघतात. बेडक्यात जंतू सापडले नाहीत, एवढ्यावरून क्षय नाहीच असेही म्हणता येत नाही. तीन महिने थांबणे ही चालढकल नव्हे. इतकी लहान गाठ वाढते की नाही, हे लगेच पुन्हा स्कॅन करून कळत नाही. त्यास काळ जावा लागतो. वाढलेली दिसल्यास सुईने तिचा तुकडा काढून तपासतात. मात्र थुंकीतून रक्त पडले, वजन घटू लागले, ताप उतरेना किंवा धाप लागू लागली, तर तारखेची वाट न पाहता तत्काळ यावे.

भीती गेली असे आम्ही म्हणणार नाही. पण तिचे आकारमान कळले. आता अहवाल एका पिशवीत असतात आणि पिशवी कोठे आहे हे दोघांस ठाऊक असते. आजाराविषयी बोलावयाचे ते सायंकाळी रोझरीनंतर. दिवसभर तो विषय उगाळावयाचा नाही. चुलीचा धूर टाळण्यासाठी स्वयंपाक गॅसवरच होतो. मुलांनाही खरे तेवढे सांगितले.

फादर घरी येऊन आशीर्वाद देऊन गेले, तेव्हा शेजारी कुजबुजले, “इतक्या थरास गेले काय?” हा आपल्या गावांतील जुना गैरसमज आहे. रुग्णाभ्यंगाचा संस्कार केवळ मृत्यूच्या दारी पोचलेल्यांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच स्पष्ट केले आहे. मग साध्या आशीर्वादास घाबरण्याचे कारण काय? धर्मगुरूस बोलावणे म्हणजे आशा सोडणे नव्हे.

या दिवसांत पवित्र शनिवारची आठवण वारंवार होते. शुक्रवार सरला होता आणि रविवार कसा उगवेल हे कोणास ठाऊक नव्हते. संत लूक सांगतात, की गालीलाहून आलेल्या स्त्रियांनी कबर पाहिली, घरी परतून सुगंधी द्रव्ये तयार केली आणि शब्बाथ पाळला. हातात होते तेवढे काम त्यांनी केले आणि देवाने नेमलेली विश्रांती घेतली. उद्याचे कोडे सोडविणे त्यांच्या हाती नव्हते. आमच्याही हाती नाही.

दुसरे स्कॅन आगमनकाळात आहे. निकाल काय येईल, हे हा मजकूर लिहिताना आम्हांस ठाऊक नाही. सध्या पिशवी तसबिरीच्या मागे नाही, पुढे ठेवली आहे. वाचकहो, हा रोझरीचा महिना आहे. निकालाची वाट पाहणाऱ्या सर्व घरांसाठी एक रहस्य अर्पण करा. आणि तुमच्याही घरी असा एखादा लिफाफा दडलेला असेल, तर तो आज रात्रीच दोघांनी मिळून उघडा.