आधी लाइन क्लिअर, मग गाडी!

कामगार बंधू-भगिनींनो,

१६ जुलै २००४ हा दिवस आम्ही विसरलेलो नाही. त्या दिवशी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. इमारतीत मुलांची दाटी होती आणि उतरायला जिना अरुंद होता. आगीशी खेळू नये हे त्या मुलांना ठाऊक नव्हते काय? चांगले ठाऊक होते! आग त्यांनी लावलीच नव्हती. दोष होता अशी शाळा चालवणाऱ्यांचा आणि ती चालू देणाऱ्यांचा. अखेर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाला देशातील सर्व शाळांसाठी अग्निसुरक्षेचे आदेश द्यावे लागले.

ही जखम आज पुन्हा उघडण्याचे कारण आहे. हल्ली शाळाशाळांतून ‘डिजिटल नागरिकत्वा’चे धडे देण्याची टूम निघाली आहे. पासवर्ड कोणाला सांगू नका, अनोळखी माणसाला फोटो पाठवू नका, असे मुलांना बजावले जाते. सल्ला वाईट नाही. पण येथेही उपदेश तेवढा मुलांना आणि इमारत मात्र जशीच्या तशी! मुलांची माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांना कोण शिकवणार? सरकारने २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, असे त्यात म्हटले. त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि संमतीचे कलम लागू होण्यास त्यापुढे आणखी १८ महिन्यांची मुदत! मुलाने पासवर्ड आजच्या आज लपवावा, कंपनीने मात्र सवडीने सुधारावे, हा कुठला न्याय?

यंत्र हातात दिले की नागरिक तयार होतो, हाही एक भ्रम आहे. तामिळनाडू सरकारने २०११ पासून विद्यार्थ्यांना लाखो लॅपटॉप मोफत वाटले. गरिबाच्या घरात संगणक आला, याचे आम्ही स्वागतच करतो. पण २०२३ च्या मार्चमध्ये त्याच तामिळनाडूत बिहारी मजुरांना ठार मारले जात असल्याच्या खोट्या चित्रफिती देशभर फिरल्या. मजूर भेदरले, बिहार सरकारला अधिकाऱ्यांचे पथक पाठवावे लागले. त्या चित्रफिती शाळकरी पोरांनी पसरवल्या नव्हत्या. मोठ्यांनीच पसरवल्या होत्या. आपल्या महाराष्ट्राने तरी तोंड वर करून बोलू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. अफवा मोबाइलवरून फिरली होती आणि मारणारे हात प्रौढांचे होते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, हा विषय फळ्यावर लिहून शिकवता येत नाही, तो वागून दाखवावा लागतो. आणि तो कसा वागून दाखवावा, हे रेल्वे व टपाल कामगारांना कोणी सांगण्याची गरज नाही. पुढच्या स्टेशनाशी बोलून, प्रायव्हेट नंबर घेऊन, नोंद केल्याशिवाय आमचा स्टेशन मास्तर गाडी सोडत नाही. ‘कोणीतरी म्हणाले’ यावर सिग्नल पडत नाही. कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमध्ये शिकलेल्या आणि मद्रास बंदरात कारकुनी करणाऱ्या रामानुजन यांनी १९१३ च्या जानेवारीत केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना पत्र लिहिले. ते ज्याचे त्याला पोचले, कारण दुसऱ्याचे पत्र ही दुसऱ्याची ठेव आहे हा टपालाचा धर्म. पडताळणी आणि विश्वास, यापलीकडे डिजिटल नागरिकत्व ते आणखी काय?

परंतु साथींनो, ड्युटीवर पाळलेली ही शिस्त घरी येताच आपण खुंटीला टांगतो. युनियनच्याच ग्रुपवर वेतन आयोगाची बनावट पत्रके आपण शहानिशा न करता पुढे ढकलतो. शेजारी बसलेला मुलगा ते पाहत असतो. त्याचा खरा वर्ग तेथे भरतो!

आणखी एक. नागरिकत्व म्हणजे नुसती ‘हे करू नका’ची यादी नव्हे, ते हक्काचेही नाव आहे. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. त्यानंतर न्यायालयात लढा झाला आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ रद्द केले. हा धडा किती शाळांत शिकवला जातो? प्रश्न विचारणारा नागरिक नको, निमूट ग्राहक हवा, असेच धोरण असेल तर आमचा त्याला विरोध आहे.

आमची मागणी स्पष्ट आहे. हा विषय कंपन्यांच्या फिरत्या प्रचारकांकडे न देता कायम नेमणुकीच्या शिक्षकांकडे द्या, त्यासाठी त्यांना प्रशिक्षण आणि वेळापत्रकात तास द्या. पालकांच्या लेखी संमतीवाचून कोणत्याही मुलाचा फोटो वा माहिती शाळेबाहेर जाता कामा नये. पालकसभेत हा प्रश्न प्रत्येक सभासदाने उभे राहून विचारावा. आणि प्रत्येक शाखेने आजच ठराव करावा: शहानिशा झाल्याशिवाय आमच्या ग्रुपवरून एकही मजकूर पुढे जाणार नाही.

कुंभकोणमला जिना रुंद करण्याची आठवण ९४ चिता पेटल्यावर झाली. या वेळी आपण वाट पाहायची नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!