भुयारी रेल्वेचा आवाज मोजावा

सुप्याहून पुण्यास जाणारे आमचे कित्येक वाचक आतां स्वारगेटास भुयारी मेट्रोंत बसतात. ही वाट 2024 च्या सप्टेंबरांत खुली झाली. बोगद्यांत आवाजास निसटण्यास जागा नसते. चाक व रूळ यांचा नाद भिंतींवर आपटून पुन्हा डब्यांत शिरतो. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते, पण कानास तो साधारण दुप्पटच भासतो! तेव्हां कानाच्या साक्षीवर विसंबून चालणार नाहीं, यंत्रच हवें.

मुंबईंत आरे ते कफ परेड हा सुमारें 33.5 किलोमीटरांचा भुयारी मार्ग 2025 च्या ऑक्टोबरांत पुरा झाला. वरील इमारतींस हादरे कमी पोहोंचावेत म्हणून तेथें रुळांखालील काँक्रीटचे ठोकळे रबरी आवरणांत बसविले आहेत. उपाय स्तुत्य खराच; परंतु त्यानें घरांचें रक्षण होतें, डब्यांतील कानांचें तितकेंसें नाहीं. शिवाय रूळ झिजून खडबडीत झाले कीं आवाज वाढतो. मग ते घासून गुळगुळीत करावे लागतात.

म्हणून आमचें मत असें कीं, हे मार्ग नवे आहेत तोंवरच स्थानकांमधील आवाज मोजावा, आंकडे स्थानकांवर लावावे व दरवर्षीं पुन्हा मोजावे. आजचा आंकडा नोंदलेला नसेल, तर पुढें वाढ सिद्ध कशी करणार? प्रवासी घटकाभरांत उतरून जातो. गाडी चालविणारा मात्र तासन्‌तास त्याच नादांत बसतो. पहिलें मोजमाप त्याच्या कक्षांत व्हावें.