जुने कोणी ठरवायचे?

‘आता हे जुने झाले’ असे आपण फार सहजपणे म्हणून जातो. पण वस्तू जुनी होते म्हणजे नेमके काय होते? ती झिजते, की तिच्याशी बोलणारे कोणी उरत नाही? गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ह्या प्रश्नाने मला चार दिवस झोप लागू दिली नाही.

निमित्त झाले आजोबांच्या सिम कार्डाचे. आजोबा २०१२ साली गेले. त्यांच्या फोनची बॅटरी फुगून तो कायमचा बंद पडला. आजीने सिम तेवढे पितळी डब्यात जपून ठेवले होते. आजोबांच्या एका मित्राचा नंबर तिला हवा होता आणि तो ह्या सिमखेरीज कोठेही नव्हता. हल्लीच्या फोनची खाच नॅनो सिमची. हे सिम तिच्यात मावेना, आणि त्याला कात्री लावण्याचे धाडस मला होईना.

सिम हे मुळात स्मार्ट कार्डच असते. नंबर बंद झाला तरी त्यात साठवलेली नावे जात नाहीत. ते वाचायला स्मार्ट कार्ड रीडर हवा. गावातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात असे दोन रीडर धूळ खात पडले होते. दुकानदारदादांनी दोन्ही दिले, वर पूर्ण आकाराच्या कार्डाची एक चौकटही दिली; तिच्यात सिम बसवले की ते रीडरमध्ये नीट जाते.

पहिला रीडर यूएसबीचा, दिसायला नवा. सोबत ड्रायव्हरची तबकडीही होती. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. रीडर जोडला, तर त्याची गणना अनोळखी उपकरणांत झाली. तबकडीवरचा ड्रायव्हर ३२ बिटांचा, विंडोज ११ मात्र फक्त ६४ बिटांची. उत्पादकाने नवा ड्रायव्हर काढलेला नाही आणि रीडर कोणत्या भाषेत बोलतो हेही कधी उघड केलेले नाही. रीडरचा एक तुकडाही झिजला नव्हता. तरी तो मुका झाला होता.

दुसरा त्याहून जुना. नऊ पिनांच्या सीरियल पोर्टला जोडायचा. अशा साध्या रीडरना ‘फिनिक्स’ म्हणतात. आत ३.५७९ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक आणि थोडेसे सुटे भाग, बस्स. लॅपटॉपला सीरियल पोर्ट नाही, म्हणून यूएसबीचे रूपांतर करणारी केबल घेतली. लिनक्स सुरू केले आणि ‘पायसिम’ हे मुक्त सॉफ्टवेअर चालवले. रीडरने कार्डाला वीज दिली, रीसेटचा इशारा केला, आणि कार्डाने उत्तर दिले!

ह्या पहिल्या उत्तराचे मला मोठे कौतुक वाटले. कोणी काही विचारण्याआधीच कार्ड आपली ओळख सांगते. आपले बिट सुलटे वाचावेत की उलटे, हे त्याच्या पहिल्याच बाइटवरून कळते. घड्याळाचे ३७२ ठोके म्हणजे एक बिट. म्हणजे सेकंदाला सुमारे ९६०० बिट. हे सारे आयएसओ ७८१६ ह्या मानकात लिहिलेले आहे. त्यातला ह्या संभाषणाचा भाग १९८९ साली प्रसिद्ध झाला. आजोबांना पिन ठेवायची सवय नव्हती, त्यामुळे नावांची यादी उघडली. नंबरांचे अंक तेथे जोडीजोडीने उलटे लिहिलेले असतात. ९८ चे ८९. ते सुलटे करून मी आजीला एकेक नाव वाचून दाखवले.

दोघांतला धाकटा मेला आणि थोरला जगला, ह्याचे कारण एवढेच की थोरल्याची भाषा सर्वांसाठी खुली होती. यूएसबी रीडरसाठीही सीसीआयडी नावाचे समाईक मानक पुढे आले. ते पाळणारे रीडर उत्पादकाच्या ड्रायव्हरवाचूनही चालतात. म्हणजे मार्ग नव्हता असे नाही.

कोणी म्हणेल, जुने ड्रायव्हर नाकारण्यात सुरक्षितता आहे. मान्य. सदोष ड्रायव्हर संगणकाच्या गाभ्यात शिरला तर सगळी यंत्रणा कोसळू शकते. पण दार बंद ठेवणे वेगळे आणि किल्ली विहिरीत टाकणे वेगळे. ज्याला आपल्या वस्तूचा सांभाळ पुढे करायचा नाही, त्याने निदान तिची भाषा जगाला सांगून जावे. आणि आपणही, विशेषतः लोकांच्या पैशातून खरेदी करणाऱ्या संस्थांनी, किमतीच्या आधी विचारावे, ‘बनवणारा उद्या निघून गेला, तर हिच्याशी बोलणार कोण?’ भाषेच्या विद्यार्थ्यांना हे निराळे सांगायला नको. व्याकरण लिहून ठेवलेली भाषा बोलणारे सरले तरी वाचता येते. एकाच्याच ओठांवर असलेली भाषा त्याच्याबरोबर जाते.

नंबर लावला. पलीकडून त्या मित्राच्या सुनेने फोन उचलला, आणि मग आजी अर्धा तास बोलत राहिली. थोरला रीडर मी दुकानदारदादांना परत केला. ‘भंगारात काढू नका,’ एवढे मात्र बजावून सांगितले.